पेन्सिलीची रेघ

बारावीच्या प्रयोगवहीत क्रोमॅटोग्राफीचा एक प्रयोग असतो. फिल्टर पेपरची बोटभर रुंद पट्टी कापायची, खालच्या कडेपासून दोन सेंटिमीटरवर पेन्सिलीने आडवी रेघ ओढायची, रेघेच्या मध्यावर काळ्या शाईचा टाचणीच्या डोक्याएवढा ठिपका ठेवायचा आणि ती पट्टी बीकरमधल्या पाण्यात अशी टांगायची की पाणी ठिपक्याच्या जरा खालीच राहील. पुढे आपण काही करायचं नसतं. पाणी कागदाच्या अंगातून आपसूक वर चढतं, ठिपक्याला शिवतं, आणि इतका वेळ छातीठोक काळा असलेला तो ठिपका हळूहळू उसवू लागतो. त्यातून निळा निघतो, जांभळा निघतो, शेवटी कडेला एक आजारी पिवळा. काळा असा तिथे कधी नव्हताच.

“रेघ पेन्सिलीनेच ओढा,” बाईंनी बजावलं होतं. “पेनाने ओढलीत तर रेघसुद्धा पाण्याबरोबर चालू लागेल.”

पाणी वर चढायला वीस मिनिटं लागतात. चिपळूणच्या आमच्या कॉलेजातल्या प्रयोगशाळेत, २०१९च्या डिसेंबरात, ती वीस मिनिटं मी ‘कोसला’ला दिली. पुस्तक मांडीवर, वर प्रयोगवही, आणि नजर अशी तिरकी की बाईंना वाटावं मुलगी पट्टीकडे टक लावून बसलीय. भालचंद्र नेमाड्यांनी पंचविशीत लिहिलेली, १९६३ साली आलेली ती कादंबरी मला सतराव्या वर्षी सापडली आणि वाटलं की हा पांडुरंग सांगवीकर आपल्याच बाकावर, आपल्याच डाव्या हाताला बसून बडबडतोय. त्याचं ते सगळ्यावर हसणं मला फार आवडत होतं. म्हणून मी गाफील होते. त्याच्या बहिणीच्या, मनीच्या मरणाची पानं आली तेव्हा माझ्यापाशी काही तयारी नव्हती. हसवता हसवता त्या माणसाने हात सोडून दिला होता आणि मी प्रयोगशाळेच्या उंच स्टुलावर, पाय अधांतरी, हमसाहमशी रडत होते.

“अमोनियाची बाटली कुणी उघडी टाकलीय रे?” बाई ओरडल्या. दोघी-तिघींनी खिडक्या उघडल्या. माझी पट्टी तोवर टोकापर्यंत भिजली होती आणि प्रयोग वाया गेला होता.

त्या रात्री मी बहिणीच्या मृत्यूवर कविता लिहिली. त्या आठवड्यात आणखी तीन. मला बहीण नाही. एक भाऊ आहे, तो तेव्हा आठवीत होता आणि त्याची प्रकृती उत्तम होती.

त्यातली एक कविता कॉलेजच्या अंकात छापून आली. महिन्याभराने आई बाजारातून आली ती पिशवी ओट्यावर आपटूनच. अंक वाचलेल्या कुणा शिक्षकांनी तिला चिंचनाक्यावर थांबवून, चष्मा काढून, फार हळू आवाजात म्हटलं होतं, “फार वाईट झालं हो. किती वर्षांची होती?” आई आधी गोंधळली, मग तिला उलगडा झाला, आणि भर रस्त्यात काय बोलावं ते न कळून ती नुसतीच मान खाली घालून उभी राहिली. त्यामुळे त्या सद्गृहस्थांची खात्रीच पटली.

“नसलेल्या मुलीचं सुतक पाळू का आता मी?” आई म्हणाली. मग ती हसायला लागली. मी हसले नाही. मला माझ्या कवितेचा अपमान झाल्यासारखं वाटत होतं.

आज तो प्रसंग आठवला की मी आईपेक्षा जास्त हसते. पण तेव्हाच्या त्या मुलीवर मला रागही धरवत नाही. कारण तिचं रडणं खोटं नव्हतं. दुपारी घर झोपलेलं असताना पडवीतल्या लाकडी झोपाळ्यावर पालथं पडून, हनुवटीखाली उशी, पायाच्या बोटाने भिंतीला हलके ढकलत, एका पानातून दुसऱ्या पानात सरकत जाणारी ती मुलगी कुणाच्या ना कुणाच्या घरात सतत राहायला गेलेली असायची. ‘बनगरवाडी’तल्या त्या पोरसवदा मास्तराबरोबर माणदेशाच्या उन्हात घामाघूम व्हायची आणि डोळे वर करायची तर समोर चिपळूणचा पाऊस कौलांवर ताशा वाजवत असायचा, अंगणात घोटाभर पाणी, आणि तिला क्षणभर उमगायचं नाही की यातलं खरं कुठलं, ते कोरडं की हे ओलं. शेवटची तीस पानं ती मुद्दाम रेंगाळून वाचायची. पुस्तक संपलं की घरातलं माणूस गावाला गेल्यासारखं वाटायचं.

कादंबरी हा पावसाळ्यात आलेला पाहुणा. नदीला पाणी आहे, होडी बंद आहे, तो कसला जातोय.

आणि त्याची उसनी वस्तू घेऊन मी कविता करायची. कुणाचा विरह, कुणाचं दारिद्र्य, कुणाचं एकटेपण. ग्रेसांच्या ‘संध्याकाळच्या कविता’ हातात पडल्यावर तर माझ्या वहीत दिवस उगवायचाच थांबला. पानोपानी संध्याकाळ. वास्तविक आमच्याकडे संध्याकाळ झाली की डास येतात, आजी कडुनिंबाचा पाला जाळते आणि सगळे खोकतात. हे कवितेत येऊ शकतं असं मला वाटलंच नव्हतं. कवितांसाठी बाबांनी दिलेलं शाईचं पेन होतं, त्यात रॉयल ब्लू शाई, आणि जाड पुठ्ठ्याची दोनशे पानी वही. त्या पेनाने मी दुसरं काही लिहीत नसे. प्रयोगवहीसुद्धा नाही.

वहीच्या मागच्या पानांवर मात्र पेन्सिलीचा कारभार होता. तो आजीमुळे सुरू झाला.

आजीचं माहेर दापोलीकडचं. मोतीबिंदूने तिचं वाचन सुटलं तेव्हा मी तिला वाचून दाखवायला लागले. आधी ‘श्यामची आई’, कारण त्यातलं पालगड तिच्या माहेराजवळचं, साने गुरुजींनी हे पुस्तक नाशिकच्या तुरुंगात १९३३ साली पाच दिवसांत लिहून काढलं असं मी तिला सांगितलं, तर ती म्हणाली, “पाचच दिवस? लिहायला पाच लागले असतील. सोसायला किती?” मग श्री. ना. पेंडशांचा ‘गारंबीचा बापू’ घेतला. आजीला ऐकायचा धीर नव्हता. एक परिच्छेद झाला की ती मध्येच तिच्या माहेरच्या आगरात शिरायची, पोफळी मोजायची, रहाटाचं पाणी पाटाने सोडायची, कुणा काकीचं भांडण काढायची आणि अर्ध्या तासाने म्हणायची, “हां, वाच पुढे. त्याचं काय झालं?” जणू बापू तोवर दारात ताटकळत उभा होता.

तिच्या बोलण्यातले शब्द मी मागच्या पानावर टिपू लागले. शाई कवितांसाठी राखलेली, म्हणून पेन्सिलीने. आगोट. खाजण. इरलं. पाणंद. झावळ. उधाण आणि भांग: अमावास्या-पौर्णिमेला समुद्र चढतो ते उधाण, अष्टमीच्या आसपास मवाळ असतो तो भांग. “आणि त्याला काय म्हणतात?” मी छपराच्या कडेकडे बोट दाखवलं. “पागोळी गो बाय. एवढी मोठी झालीस आणि पागोळी म्हाईत नाय?” मग माझ्या हातातल्या पेन्सिलीकडे बघून म्हणाली, “माझं बोलणं किराण्याच्या यादीसारखं काय लिहून घेतेस?”

पाऊस उघडल्यावरची पागोळी मी त्यानंतर पुष्कळदा पाहत बसले आहे. कौलाच्या ओठाशी पाणी येऊन थबकतं. पडत नाही. मागून आणखी येतं, थेंब गरोदर होतो, त्याचं पोट खाली लोंबतं, त्यात उलटं अंगण दिसतं, उलटी तुळस, उलटी मी. आता पडेल म्हणावं तर तो नुसता थरथरतो, आणि आपण कंटाळून नजर काढली रे काढली की पडतो. खाली मातीत त्याने आधीच खळगा करून ठेवलेला असतो. रोज, बरोबर त्याच जागी.

कविता अशी येते का, ते मला तेव्हा ठाऊक नव्हतं. मी तर थेंब धरायला हात पुढे करून उभी असायची.

मार्च २०२० मध्ये, बारावीचा एक पेपर बाकी असताना, मी लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिरातून विश्राम बेडेकरांची ‘रणांगण’ आणली. १८६४ साली स्थापन झालेलं हे वाचनालय म्हणजे आमच्या गावाचा अभिमान. चिपळूणचा माणूस पाहुण्याला परशुराम आणि गोवळकोट दाखवतो, मग हे दाखवतो. पुस्तक पातळसं होतं, आठवड्यात परत करायचं होतं. तेवढ्यात टाळेबंदी लागली. मग मी बी.एस्सी.ला गेले, कॉलेज मोबाइलच्या पडद्यात आलं, ‘रणांगण’ माळ्यावर जुन्या गाइडांच्या ढिगात गेली आणि तिथेच राहिली. मी ती वाचली नव्हती. पातळ पुस्तकं मला तेव्हा कमी खोल वाटायची.

२१ जुलै २०२१च्या रात्री पाऊस पडत नव्हता, कोसळत होता. आषाढी आदल्या दिवशी कधी होऊन गेली ते कळलं नव्हतं, गुरुपौर्णिमा तीन दिवसांवर. म्हणजे उधाण. वाशिष्ठीला सह्याद्रीचं पाणी, त्यात वीज करून झालेलं कोयनेचं पाणी, आणि खालून दाभोळच्या खाडीने दार लावून घेतलेलं. पहाटे आई उठली ती पाण्यात पाय पडला म्हणून. २००५ चा पूर घरात सगळ्यांना आठवत होता, भिंतीवर त्याची खूणही होती. त्या खुणेच्या हिशेबाने बाबांनी सामान उचललं. पाण्याला तो हिशेब मान्य नव्हता. दोन तासांत आम्ही आजीला खुर्चीसकट उचलून शेजारच्यांच्या वरच्या मजल्यावर नेलं. निघताना मी माळ्याकडे हात घातला आणि अंधारात हाताला लागलं ते ओढणीत गुंडाळलं. मला वाटलं ती माझी वही आहे.

वर गेल्यावर पाहिलं. ‘रणांगण’.

त्या खोलीत आम्ही अकरा माणसं, दोन मांजरं आणि एक शेळी होतो. वीज नाही, फोन मेलेले. मुलं रडून थकली होती. शेजारचे काका जिन्याच्या तोंडाशी बसून पायऱ्या मोजत होते, पंधरा पायऱ्यांचा जिना, आणि दर थोड्या वेळाने त्यांचा कोरडा आवाज यायचा, “सहावी गेली.” मी खिडकीच्या करड्या उजेडात पुस्तक उघडून बसले होते, वाचत होते असं म्हणवत नाही, ओळीवर बोट ठेवून बसले होते.

“काय वाचतेस ती?” आजीने विचारलं.

“गोष्ट.”

“मग मोठ्याने वाच की. आम्ही काय करतोय इथे?”

मी वाचू लागले. युरोपातून मुंबईकडे निघालेली बोट, युद्ध तोंडावर आलेलं, बोटीवर हिटलरच्या जर्मनीतून हाकलले गेलेले ज्यू, त्यांच्यातली हॅर्टा आणि आपला चक्रधर. चारी बाजूंनी पाण्याने वेढलेली, घरदार मागे टाकलेली माणसं. हा योगायोग एखाद्या कादंबरीत वाचला असता तर मी नाक मुरडलं असतं, लेखकाने फारच ओढून आणलं म्हणाले असते. पण त्या खोलीत कुणी नाक मुरडलं नाही. पोरं गप्प झाली. शेजारच्या काकू डाळ निवडल्यासारखी बोटं हलवत ऐकत होत्या. “नववी गेली,” काका म्हणाले. मी पान उलटलं. खाली कुणाचा तरी गॅस सिलिंडर दारावर आपटत वाहत चालला होता, मध्येच एक फ्रीज गेला, उभाच्या उभा, राजासारखा. आणि माझ्या तोंडून मी कधीही न पाहिलेल्या समुद्रावरच्या, मी जन्मायच्या साठाहून अधिक वर्षं आधीच्या त्या माणसांची वाक्यं निघत होती, आणि मला पहिल्यांदा असं झालं की रडू आलं नाही, कविता सुचली नाही, त्यांचं दुःख घ्यावंसं वाटलं नाही. त्यांच्याजवळ नुसतं बसावंसं वाटलं.

“बारावी,” काका म्हणाले. मग बराच वेळ ते काहीच बोलले नाहीत.

अंधारल्यावर विजेरीवर वाचलं. विजेरी पिवळी झाली, मग तांबूस, मग विझली. “राहू दे,” आजी म्हणाली. “बोट कुठे जात नाय.” पहाटे काकांचा आवाज आला, “दहावी दिसतेय.”

पाणी उतरल्यावर जे उरतं त्याला चिखल म्हणतात खरं, पण तो शब्द फार सौम्य आहे. गुडघाभर, तेलकट, सगळ्या गावाच्या संसाराचा वास असलेला तो गाळ होता. इंद्रायणीत बुडालेली तुकोबांची गाथा तेराव्या दिवशी कोरडी वर आली असं आपण मानतो. माझी वही चौथ्या दिवशी कपाटाखालून निघाली. कोरडी नव्हती. आई म्हणाली टाकून दे. मी ती दोरीवर वाळत घातली, टॉवेल आणि बाबांच्या पँटींच्या मध्ये, आणि ऊन पडलं की एकेक पान चाकूच्या बोथट बाजूने सोडवत बसायची.

एकशे चाळीस पानं कवितांची. एक अक्षर नव्हतं. शाई कागदभर पसरून फिकट निळी वर्तुळं झाली होती, कडेला जांभळट किनार, एखाद्या ठिकाणी अगदी पुसटसा गुलाबी. बहिणीच्या चारही कविता कुठल्या पानांवर होत्या ते मला पाठ होतं, तिथे मी पान उजेडाला धरून पाहिलं, तर आकाशासारखं काहीतरी होतं. सुंदर होतं, हे कबूल केलं पाहिजे. त्या कवितांपेक्षा सुंदर होतं.

मग मागची पानं सुटली.

आगोट. खाजण. इरलं. पाणंद. झावळ. उधाण. भांग. पागोळी. मातकट डागांमधून, जशीच्या तशी, माझी गिचमिड, कुठेही न हललेली. बाईंचा आवाज कानात आला आणि मी दोरीखाली चिखलात उकिडवी बसले ती आई हाक मारेपर्यंत उठले नाही.

वाचन मंदिरातही पाणी शिरलं होतं. असंख्य पुस्तकं गाळात गेली. गुळगुळीत कागदाची पुस्तकं ओली झाली की वाळताना त्यांची वीट होते, पानं पुन्हा सुटत नाहीत. साध्या खरबरीत कागदाची त्या मानाने वाचतात. हे मला घरच्या पुस्तकांवरून कळलं. आम्ही पंखा नसलेल्या खोलीत भावाच्या भूगोलाच्या पानांना वर्तमानपत्राचे तुकडे लावत होतो आणि मी मनात म्हणत होते, बहिणाबाईंना लिहिताच येत नव्हतं. त्या म्हणत गेल्या, घरातल्यांनी उतरवून घेतलं, १९५१ साली त्या गेल्यावर पुढच्या वर्षी पुस्तक झालं. पाण्याने न्यावं असं त्यांच्याजवळ काय होतं?

आता मी पुण्यात एम.एस्सी. करते. अप्पा बळवंत चौकातून जाताना अजून पाय अडखळतात, कादंबऱ्या अजून रात्र खातात, परवाच ‘कोसला’ तिसऱ्यांदा वाचली आणि त्याच पानांवर पुन्हा रडले. खोलीतली मैत्रीण अमोनियाचं काही बोलली नाही. कविता मात्र कमी झाल्या. तीन वर्षांत धरून ठेवण्यासारखी एक झाली. आठ ओळींची आहे, जिन्यावर आहे, त्यात पूर हा शब्द नाही. ती व्हायला अकरा महिने लागले, आणि मधले बरेच दिवस मी तिच्याकडे पाहत नसल्याचं सोंग केलं. पेन्सिलीने लिहिते, हे सांगायला नको. शाईवर राग नाही. खोडता येतं हाही एक फायदा.

दर रविवारी रात्री आजीला फोन लावते. यंदाच्या पावसाळ्यात तिने आठवण काढली, “ती बोट कुठवर आली गो?” तेव्हापासून आम्ही ‘रणांगण’ पुन्हा पहिल्यापासून घेतली आहे, आठवड्याला सात-आठ पानं. फोनमध्ये तिचा श्वास ऐकू येतो, पलीकडे पाऊस. ती अजूनही मध्येच माहेरी जाऊन येते. तिच्याकडून परवा एक नवा शब्द मिळाला, तो अजून कुणाला सांगितलेला नाही.

शेवटची पंधरा पानं ठेवली आहेत. ती फोनवर वाचायची नाहीत असं आमचं ठरलंय. दिवाळीत घरी जाईन, पडवीत बसून वाचेन, आणि दुसऱ्या दिवशी पुस्तक वाचन मंदिरात परत करीन. मार्च २०२० पासूनचा दंड किती होतो ते मी अजून मोजलेलं नाही.